ब्योर्स घराचे बूट

१

सिस्टर हिल्माच्या भाचीला जुळे झाले, ते १९७९ साल. जूनच्या सतरा तारखेला, रविवारी, नोर्रबीच्या चर्चमध्ये त्यांचा नामविधी झाला. दोन्ही पोरं पाणी डोक्यावर पडताच एकदम रडली, धर्मगुरूंचा आवाज त्यात बुडाला, आणि मागच्या बाकावर बसलेल्या हिल्माला वाटलं, चला, निदान फुप्फुसं तरी धड आहेत. एकोणसत्तर वर्षांची होती ती. चाळीसएक वर्षं या खोऱ्यात जिल्हा परिचारिका म्हणून घरोघर फिरली होती, हिवाळ्यात पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून आणि उन्हाळ्यात सायकलवरून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पण गुडघे निवृत्त झाले तरी कान निवृत्त होत नाहीत. कोणी खोकला की ती मान वळवायचीच.

कॉफीला सगळे बाहेर आले, तेव्हा ब्योर्स कारिन फाटकातून आत आली. चालत आली, धावत नाही. तिने कोणाकडे पाहिलं नाही, सरळ हिल्मासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, मात्स वर कुरणावर बसलाय. उठत नाही."

मात्स तिचा थोरला भाऊ, बेचाळीस वर्षांचा, लाकडाच्या गिरणीत कामाला. गुरं उन्हाळी कुरणावर न्यायच्या आधी तो एकटाच वर कुंपण दुरुस्त करायला गेला होता. कारिन त्याला भाकरी घेऊन गेली होती.

हिल्मा डॉक्टरच्या गाडीतून वर गेली. मात्स कुंपणाच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. हातोडी मांडीवर, शेजारी कॉफीचा अर्धा थर्मास. आणि ओठांत दोन खिळे, सुतार धरतात तसे, अजून घट्ट धरलेले.

तिने ते खिळे काढले आणि झग्याच्या खिशात टाकले. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. मात्सचा बाप, ब्योर्स आंदेर्स, याने तो थर्मास उचलून शहरातून आलेल्या पोलिसाच्या हातात दिला आणि म्हणाला, "ही कॉफी माझ्या सुनेने केली होती." आणि सून उल्लाने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "आणि साखरेच्या भांड्याखाली ठेवलेली डॉक्टरची चिठ्ठी कुठे गेली, ते सांगतोस का?"

२

डॉक्टर विबेर्ग दक्षिणेकडचा, चौतीस वर्षांचा. नोर्रबीत सगळे सगळ्यांना तूच म्हणतात, धर्मगुरूलाही. त्याला ते दोन वर्षांत जमलं नव्हतं. तो हिल्माला अजून तुम्हीच म्हणायचा आणि बाया त्याला त्यावरून चिडवायच्या.

दहा दिवसांनी तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. दाढी वाढलेली. समोर शवविच्छेदनाचा कागद.

"कॉफीत काही नव्हतं," तो म्हणाला.

"ते मला माहीत होतं."

"कसं?"

हिल्माने खिडकीतल्या बशीतले दोन खिळे दाखवले. विष पोटात गेलेला माणूस ओकतो, कळवळतो, निदान तोंड तरी उघडतो. मात्सने ओठसुद्धा हलवला नव्हता. तिसरा खिळा ठोकता ठोकता कोणीतरी दिवा मालवावा तसा तो गेला होता. "असं हृदयच करतं," ती म्हणाली. "दुसरं कोणी नाही."

डॉक्टरने मान हलवली. मात्सच्या हृदयात पांढरे डाग सापडले होते, गाठीगाठींचे, जसे त्याच्या छातीतल्या ग्रंथींत होते तसेच. दुखणं तेच, मे महिन्यात छातीच्या फोटोत दिसलेलं: सार्कॉइड, ज्यात अंगात जागोजाग गाठी धरतात. हृदयाचे ठोके ज्या वाटेने जातात ती वाटच त्या गाठींनी बुजवली होती.

"पण ब्योर्स लोक त्याने मरत नाहीत," हिल्मा म्हणाली.

"तेच तर." त्याने कागद दुमडला. "मे महिन्यात गिरणीत चक्कर येऊन पडला, तेव्हा मी शहरात हृदयाचा आलेख काढायची चिठ्ठी दिली. तो गेला नाही. मी मागे लागलो नाही. का लागलो नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. कपाटात तिची निळी वही होती. १९३८ साली ती नोर्रबीत आली, तेव्हापासून ब्योर्सकडच्या नऊ जणांना हे दुखणं झालेलं तिने त्यात लिहिलं होतं, घराण्याची फांदी काढून. आमच्याकडे आधी घराचं नाव येतं, मग माणसाचं. घरात आलेला त्या घराचा होतो, घरातून गेलेली दुसऱ्या घराची. तरी पोरी कुठे दिल्या ते धरून हिल्माने फांदी नीट जुळवली होती. नऊच्या नऊ बरे झाले होते. म्हातारा ब्योर्स पेर एक्क्याण्णव वर्षं जगला. ही वही तिनेच डॉक्टरपुढे ठेवली होती आणि म्हणाली होती, घाबरू नकोस, ब्योर्सांचं दुखणं आहे, आल्या पावली जातं.

डॉक्टर म्हणाला की राजधानीत आता लोकांच्या रक्तातल्या खुणा तपासतात. एक खूण असलेल्यांना हे दुखणं धाडकन येतं आणि वर्ष-दोन वर्षांत मागे काही न ठेवता जातं. ती नसलेल्यांना हळूच येतं आणि घर करून राहतं. एका सभेत त्याने ऐकलं होतं, जपानात ते डोळ्यांवर आणि हृदयावर बसतं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांना फार छळतं, आपल्याच देशात वर उत्तरेला, आतल्या भागात, माणसं कमी आणि आजारी जास्त. "दुखणं एकच," तो म्हणाला. "रक्त आणि मुलूख बदलला की चाल बदलते. पण इथे रक्तही तेच आणि मुलूखही तोच. मग मात्स का?"

हिल्माने उठून कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं.

"मी इथून जायचा अर्ज लिहून ठेवलाय," तो म्हणाला. "पण त्याआधी एक सांगतो. कारिनच्या छातीच्या फोटोतही त्याच गाठी आहेत. तिला म्हटलं, शहरात चल. तर मलाच म्हणाली, डॉक्टर, गवत कापणीपर्यंत आपोआप जाईल, आमच्या घरचं आहे."

कारिन अडतीस वर्षांची, एकटी. ऑगस्टमध्ये शाळा उघडली की ती पुन्हा शाळेची गाडी चालवणार होती. चौदा पोरं, आणि नदीच्या कडेचा रस्ता.

३

मात्सला जुलैच्या पहिल्या शनिवारी पुरलं. हिल्मा कबरीच्या डाव्या बाजूला उभी राहिली, कारण तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते. आंदेर्स शहात्तर वर्षांचा, खांबासारखा ताठ. उल्ला त्याच्यापासून दहा पावलं दूर, दोघांच्या मधे रिकामी जमीन. कारिनने पेटीला खांदा लावला, पण फाटकापाशीच दुसऱ्याला दिला आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली.

म्हातारी यूगास केर्स्टिनही आली होती. ऐंशी वर्षांची, ब्योर्स पेरची धाकटी मुलगी, यूगास घरात दिलेली. जुना पेहराव रोज घालणाऱ्या गावात आता तीनच बाया उरल्या होत्या, त्यातली ही एक. आमच्याकडे रक्ताचं माणूस गेलं तर पिवळा एप्रन बांधतात, बाकी कोणासाठीही निळा. केर्स्टिन निळा बांधून आली होती. सख्ख्या भाच्याला निळा. हिल्माच्या मनात आलं, म्हातारीला आता भान राहत नाही. आणि तिने तिला हात धरून पायऱ्यांवरून उतरवलं.

चार दिवसांनी हिल्मा उल्लाकडे गेली. उल्ला ब्योर्सांच्याच अंगणातल्या धाकट्या घरात सामान बांधत होती. गावात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. पोलिसाने कॉफीत काही नसल्याचं सांगितलं तरी लोकांना थर्मास विसरवत नव्हता. ती पलीकडच्या खोऱ्यातली, शहरात राहायला जायचं म्हणून नवऱ्याशी भांडणारी, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

"तूही विचारायला आलीस का, कॉफीत काय घातलं होतं म्हणून?" उल्ला म्हणाली.

"मी विचारायला आले की त्याला कधी सुरू झालं."

उल्ला खाली बसली. असं कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाली. हरणांच्या शिकारीला. गेल्या ऑक्टोबरात. टेकडी चढताना सगळ्यांच्या मागे पडला, आणि मात्स कधी मागे पडणारा नव्हता. मग कोरडा खोकला. मग डोळे लाल. सगळा हिवाळा संध्याकाळी जेवणाच्या ताटावरच झोपायचा.

"आणि घोटे? नडग्यांवर लाल गाठी?"

"नाही बाई."

"बूट चढत नव्हते, असं?"

"शेवटपर्यंत स्वतःच्याच बुटांत होता. पुरलाही त्यातच." तिने हातातलं फडकं घडी केलं, पुन्हा उलगडलं. "चिठ्ठी मी स्वतः साखरेच्या भांड्याखाली ठेवली होती, सिस्टर. सकाळी नव्हती. मात्स म्हणाला, जाऊ दे, बाप म्हणतो गरज नाही. आणि तो बाप पोलिसाला सांगतो की चिठ्ठी बघितलीच नाही. आम्हा दोघांतलं एक खोटं बोलतंय. गावाने ठरवलंय कोण ते."

घरी येऊन हिल्माने निळी वही उघडली. नऊ नोंदी. एप्रिल, मे, मे, एप्रिल, मार्चअखेर. नदीवरचा बर्फ फुटतो त्या दिवसांत. प्रत्येक नोंदीत ताप, घोटे सुजलेले, नडग्यांवर लाल गाठी. ऑक्टोबर एकदाही नाही.

चाळीस वर्षं हे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

४

ब्योर्सांच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या खुंटीवर नमद्याचे, दाबून जाड केलेल्या लोकरीचे, बूट टांगलेले असतात. राखाडी, ओबडधोबड, राक्षसाच्या मापाचे. ब्योर्स पेरने तरुणपणी दुखण्यात पाय सुजले, तेव्हा स्वतःसाठी करून घेतले. तेव्हापासून ब्योर्सकडच्या ज्याला ज्याला वसंतात हे दुखणं धरी, तो येऊन ते बूट घेऊन जाई, उन्हाळाभर त्यांत फटाक फटाक चालत राही आणि बरा झाला की परत खुंटीला लावी. हिल्माने ते किती पायांतून काढले होते. बूट मागायला आलेल्या माणसाला लोक म्हणायचे, "काय, या वर्षी तुझी पाळी का?" आणि हसायचे. कारण त्यात भ्यायचं काही नव्हतं.

आंदेर्स खिडकीशी बसला होता. कारिनने कॉफी ठेवली आणि दोन पावलं चालून टेबलाची कड धरली. हिल्मा तिच्याकडे बघत असल्याचं पाहून ती म्हणाली, "उकडतंय."

"मात्सने हे बूट कधी नेले?" हिल्माने विचारलं.

"नेले असतील," आंदेर्स म्हणाला.

हिल्मा उठली, गुडघे कुरकुरले, तिने बूट खुंटीवरून उतरवले. डाव्या बुटाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धुळीने जड झालेलं, कुठेही न फाटलेलं. त्यात गेल्या उन्हाळ्याच्या माश्या. वर्षभर तरी या बुटात कोणाचा पाय गेला नव्हता.

उजव्या बुटाला जाळं नव्हतं. तिने आत हात घातला. बोटांना कागद लागला.

साखरेच्या भांड्याखालची चिठ्ठी होती ती. विबेर्गची सही, मे महिन्याची तारीख.

कारिनने बापाकडे पाहिलं.

"मीच ठेवली," तो म्हणाला.

"पोलिसाला का नाही सांगितलंस?" हिल्माने विचारलं.

"काय सांगू? पोराला जाऊ दिलं नाही म्हणून? या घरात या दुखण्याला एवढंच औषध आहे, सिस्टर. हे बूट. पेर त्यातून उठला, बाकी सगळे उठले. तूच तर सांगितलंस मला, की ब्योर्स माणूस याने मरत नाही."

तिने सांगितलं होतं. याच खुर्चीत बसून.

"आणि उल्लाला पोलिसापुढे ढकललंस," कारिन हळू म्हणाली.

म्हाताऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर कोणाची तरी गाय ओरडत होती.

म्हणजे चिठ्ठीचा उलगडा झाला होता. हट्टी म्हातारा, कागदाचा एक तुकडा, आणि तो लपवायला निवडलेली जागा. पण हिल्माचं मन त्या जाळ्यात अडकून राहिलं. सगळे ब्योर्स ज्या बुटांत शिरले, त्यांत मात्सला शिरावंच लागलं नव्हतं.

निघताना तिने कारिनचं मनगट धरलं, जुन्या सवयीने, आणि घड्याळ पाहिलं. पूर्ण एक मिनिट मोजलं. मग पुन्हा एक.

अडतीस ठोके. आणि त्यातला एखादा येतच नव्हता.

"आत्ता शहरात चल."

"सिस्टर, मी ब्योर्स आहे," कारिन म्हणाली. ती चिडली नव्हती, फक्त दमली होती. "मात्सला हृदयाचं वेगळं काही असेल. माझं हे घरचंच आहे. गवत झालं की बघू."

५

तिथून हिल्मा सरळ यूगासकडे गेली. सायकल ढकलत, कारण चढ होता. केर्स्टिन अंगणात लोकर विंचरत बसली होती.

हिल्माने विचारलं, मात्सला निळा एप्रन का बांधलास.

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने विचारलं असावं की मासा पाण्यात का राहतो.

"मग काय पिवळा बांधू? शेजाऱ्याला?"

"तुझ्या भावाचा मुलगा होता."

"माझा भाऊ?" केर्स्टिनने लोकर मांडीवर ठेवली. "माझ्या बापाला मुलगा जगलाच नाही. आम्ही बहिणी. ब्रिटा थोरली, ती घरी राहिली, तिने आंदेर्सला घरात आणला. लाकडं वाहवणारा होता नदीवर, धिप्पाड, कुठला तरी वरचा. लग्न झालं आणि झाला ब्योर्स आंदेर्स. ब्रिटा सहा वर्षांत गेली, चौतीस साली, छातीत कफ होऊन. पोर ना बाळ."

"आणि मात्स? कारिन?"

"ती योहान्नाची. ब्रिटानंतर केली त्याने ती, तीही बाहेरचीच. बापाने काही म्हटलं नाही, घर चालवायला माणसं हवीत." तिने पुन्हा विंचरायला घेतलं. "चांगली पोरं. ब्योर्स घरात वाढली, ब्योर्सच आहेत ती. पण रक्ताचा थेंब नाही. एप्रन काही घराला बांधत नाहीत, रक्ताला बांधतात."

हिल्मा लाकडाच्या ओंडक्यावर बसली. ब्रिटा गेली १९३४ साली. ती स्वतः आली १९३८ साली. तेव्हा ब्योर्सांच्या दारात आंदेर्स उभा होता, कडेवर एक वर्षाचा मात्स, आणि आत खाटेवर म्हातारा पेर. ते पोर पुढे पेरला आजोबा म्हणायचं. तिने वहीत तीन नावं एकाखाली एक लिहिली आणि मधे रेघा ओढल्या.

"तू मला कधी सांगितलं कसं नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" म्हातारी म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या पायांना पट्ट्या बांधल्यास, माझी कॉफी प्यालीस, माझं आतडं कसं चालतं ते विचारलंस. हे नाही विचारलंस. आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं? साठीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत आहे."

खरंच होतं. कोणी काही लपवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला ती आहे हेच कळत नाही.

एकच प्रश्न राहिला होता. आणि त्याचं उत्तर गावात फक्त एका माणसाकडे होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरला घेऊन ब्योर्सकडे गेली. त्याला तिने गाडीतच सगळं सांगितलं होतं. त्याने मधे एकदा गाडी थांबवून चष्मा पुसला.

आंदेर्स कालच्याच खुर्चीत होता. कारिन भाकरीचं पीठ मळत होती, मधेच थांबत होती.

"आंदेर्स," हिल्मा म्हणाली, "तू कुठला?"

"हा काय प्रश्न झाला? ब्योर्सचा."

"त्याआधी."

कारिनचे हात पिठात थांबले.

"वर उत्तरेला, आतल्या भागातला, व्हिल्हेल्मिना गावाच्याही वरचा," तो शेवटी म्हणाला. "लिडेन नाव होतं आमचं. बावीस वर्षांचा असताना नदीबरोबर खाली आलो. परत गेलो नाही."

"तुझा बाप कशाने गेला?"

"नदीने नेला. ओंडक्यावरून पाय घसरला."

"तू होतास तिथे?"

"होतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पाय घसरला नव्हता. लोक म्हणाले, मीही म्हटलं. तो उभ्या उभ्याच विझला, सिस्टर. हातात ओंडके ओढायचा आकडा तसाच. आणि मग पडला. चव्वेचाळीस वर्षांचा. सगळा हिवाळा खोकत होता." मग म्हणाला, "काकाही असाच गेला, चर्चमध्ये. गाताना. ओळ अर्धीच राहिली."

डॉक्टरने मान खाली घातली.

"हे मात्सला सांगितलं होतंस?" हिल्माने विचारलं.

"ते लिडेनांचं होतं," आंदेर्स म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला. "लग्नाच्या दिवशी पेर म्हणाला, या उंबऱ्याच्या आत आलास, आता तू ब्योर्स. मी ते सगळं बाहेर ठेवून आलो. मला इथलं शेत मिळालं, कुरण मिळालं, चर्चमधलं बाकडं मिळालं. लोक पन्नास वर्षं मला ब्योर्स म्हणतात. मला वाटलं, दुखणंही त्यांचंच मिळालं असणार."

चुलीत लाकूड तडकलं. हिल्माला त्याच्यावर रागावता आलं नाही. राग यायला अंगात जेवढं बळ लागतं तेवढं नव्हतं, आणि शिवाय तिची वही तिच्या पिशवीत होती.

"तू चिठ्ठी बुटात ठेवलीस," ती म्हणाली, "आणि मी माणूस चुकीच्या फांदीवर ठेवला. आपण दोघांनी मिळून केलं हे. उल्लाने नाही. हे तू स्वतः जाऊन तिला सांगायचंस, आणि दुकानासमोर, चार लोक असताना."

त्याने मान डोलावली.

कारिन अजून पिठात हात घालून उभी होती. "म्हणजे मी ब्योर्स नाही," ती म्हणाली. विचारत नव्हती.

म्हातारा उठला. त्याने खुंटीवरचे बूट काढले, चुलीमागे ढकलून दिले आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू ब्योर्सच आहेस," तो म्हणाला. "फक्त दुखणं लिडेनांचं आहे. माझ्या बापाचं. त्याला बूट नाहीत, पोरी. जा."

तिने हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. भाकरीच्या पिठावर फडकं टाकलं. मग डॉक्टरच्या गाडीत मागे बसली, आणि हिल्मा तिच्या शेजारी, तिचं मनगट धरून. नव्वद किलोमीटर ती मोजत राहिली. पुलापाशी एकदा ठोका इतका वेळ आला नाही, की हिल्माने डॉक्टरच्या खांद्यावर हात मारला. मग आला.

त्याच दुपारी शहरातल्या डॉक्टरांनी कारिनच्या छातीत ठोके देणारं यंत्र बसवलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी तिचा चेहरा भाकरीसारखा फुगला. गावातल्या बाया म्हणाल्या, आता खरी बाई दिसतेस. शाळेची गाडी तिने सोडली. विबेर्गने जायचा अर्ज फाडला की टेबलाच्या खणात ठेवला, ते त्याने कोणाला सांगितलं नाही, पण तो राहिला. हिल्माने निळ्या वहीत पेर आणि आंदेर्स यांच्या मधली रेघ खोडली आणि खाली नवीन फांदी काढली, वर लिडेन लिहून. उल्ला मात्र शहरात निघून गेली. आंदेर्सने दुकानासमोर तिची माफी मागितली होती, टोपी हातात घेऊन. तिने ती ऐकून घेतली, सामान गाडीत ठेवलं आणि गेली.

जवळजवळ चार वर्षांनी आंदेर्सला पुरलं, तेव्हा नदीवर अजून बर्फ होता. यूगास केर्स्टिन चौऱ्याऐंशीची, दोन काठ्यांवर आली. तिने पिवळा एप्रन बांधला होता. हिल्माने तिच्याकडे पाहिलं, तशी म्हातारी म्हणाली, "काय बघतेस? एप्रन माझा आहे." आणि कबरीच्या पुढच्या रांगेत, कारिनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ब्योर्स मात्स १७ जून १९७९ रोजी वारला, बेचाळीस वर्षांचा. त्याचा बाप ब्योर्स आंदेर्स, जन्माचा लिडेन, ९ मार्च १९८३ रोजी वारला, एकोणऐंशी वर्षांचा.